छत पक्की

गुलाबची पोरगी हर्षा कार घेणार, ही बातमी चिखल्याच्या खाण-कॉलनीत फुटली आणि गुलाबची झोप उडाली. लोकांना वाटलं, आनंदाने उडाली. आनंद होताच. त्याच्या खानदानाची मजल आजवर सायकलीवरून मोटारसायकलपर्यंत गेली होती, चार चाकं दारात उभी राहणार हे पहिल्यांदाच. पण झोप उडायचं खरं कारण निराळं होतं आणि ते त्याची बायको बायजाबाई सोडली तर कोणालाच ठाऊक नव्हतं. गुलाबला कारमध्ये बसता येत नव्हतं.

म्हणजे बसता यायचं, बसून राहता यायचं नाही. लोकांना तो सांगायचा, "मले गाडीत मळमळते." भाच्याच्या लग्नाला जाताना तो गोबरवाहीच्या अलीकडेच गाडीतून उतरला आणि उरलेली वाट नव्या कोऱ्या बुटांत चालत गेला. बूट चावले, वरमाय रुसली, पण गडी पुन्हा गाडीत चढला नाही.

गुलाबने जन्मभर खाणीत छत ठोकून पाहण्याचं काम केलं होतं. पाळी सुरू झाली की सगळ्यांच्या आधी हा एकटा आत जायचा. सब्बलीने, म्हणजे लोखंडी पहारीने, डोक्यावरचा दगड ठोकायचा आणि कान देऊन ऐकायचा. टण्ण वाजला तर दगड धरून आहे. ढब वाजला तर मागे फिरायचं, तेवढा दगड पाडून घ्यायचा, मगच माणसं आत. त्याची हाक ऐकू आल्याशिवाय एकही गडी पाऊल पुढे टाकत नसे. पुढे तो रिटायर झाला, हातातली सब्बल सुटली, बोटांची सवय काही सुटली नाही. ज्या छताला हात पोचेल ते छत तो ठोकून पाहायचा. एस.टी.चं छत उंच, हात पोचत नाही, म्हणून एस.टी. चालायची. कारचं मात्र अगदी डोक्याशी, वर आतून कापड लावलेलं. कोणतीही कार घ्या, ढब. कापडाच्या वर पत्रा आहे आणि पत्र्याच्या वर मोकळी हवा, हे त्याच्या डोक्याला कळत होतं. पायांना ते कोण समजावणार?

आणि हर्षाने तर अटच घातली होती. "बाबा पुढच्या शीटवर बसल्याशिवाय मी गाडी बुक करत नाही." भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. नर्सिंगला असताना सुट्टीत घरी यायची तेव्हा तुमसर रोड स्टेशनबाहेर बाप सायकल घेऊन उभा असायचा. मागच्या कॅरिअरवर बसून तिने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "एक दिवस तुमाले मी बसवीन." पोरीचा एवढ्या वर्षांचा शब्द, आणि आपण मध्येच दार उघडून उतरलो तर?

ठरल्या दिवशी तिघं भंडाऱ्याच्या हायवेवरच्या शोरूममध्ये पोचली. अमर नावाचा सेल्समन हसतमुखाने सामोरा आला, बायजाबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सुरू झाला. "काका, गाडी एकच, पण तिच्या चार ट्रिम लेव्हल आहेत."

लेव्हल म्हटल्याबरोबर गुलाबचे कान टवकारले. इतका वेळ त्या चकचकीत फरशीवर तो पाय जपून टाकत होता. आता ओळखीचा शब्द आला. "आमच्या खाणीतबी लेव्हल आहेत ना! जसं खाली जाल तसा माल चांगला. मंग तुमची खालची लेव्हल भारी असन?"

"नाही काका, खालची साधी. वर जाल तशी भारी."

"उलटीच खाण दिसते बाप्पा तुमची," गुलाब म्हणाला. हर्षा खळखळून हसली आणि अमरही हसला.

पण पुढे अमर जे सांगत गेला ते ऐकून गुलाबची थट्टा कुठल्या कुठे विरली. सगळ्यात खालच्या लेव्हलला मागच्या काचा हाताने फिरवायच्या. दुसरीला बटन. तिसरीला मागे जाताना पडद्यावर मागचं सगळं दिसणार, कोंबडीचं पिल्लू आडवं आलं तरी गाडी ओरडणार. चौथीला बसायची गादी आतून गार होणार. अमरने किल्लीचं बटन दाबलं आणि उभ्या गाडीने दोन्ही आरसे मिटून घेतले, गाय कान पाडते तसे.

"आणि इंजिन?" गुलाबने हळूच विचारलं.

"इंजिन तेच."

"लोखंड?"

"तेच काका. सांगाडा एकच."

गुलाब थक्क होऊन गाडीभोवती फिरला. एकच गाडी, एकच इंजिन, आणि तिचे चार अवतार. माणसाला आधी काय लागतं, ते मिळालं की मग काय हवंसं वाटतं, आणि तेही मिळालं की तो आणखी कशावर डोळा ठेवतो, हे कोणीतरी कुठेतरी बसून पायरी पायरीने लावलं होतं. डोंगराच्या पोटात काय आहे ते गुलाबला कळायचं. इथे तर माणसाच्या पोटातलं ओळखून गाड्या बांधल्या होत्या. त्याला त्या न पाहिलेल्या माणसाची जराशी भीतीच वाटली.

हर्षाचं मात्र सगळं पक्कं होतं. तिला दुसरी लेव्हल हवी होती, बिनगिअरची. दवाखान्यात दिवसभर उभं राहून तिचे पाय भरून यायचे. क्लच दाबायची कटकट नको, एवढंच एक सुख तिने स्वतःसाठी मागितलं होतं. "वरून जास्तीचं पॅकबिक काही नको मले," ती अमरला म्हणाली. "बाबा, बसा."

झालं. गुलाब बसला. दार मऊ आवाज करून लागलं. हर्षा काचेबाहेर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. बराच वेळ धरले. मग उजवा हात आपोआप सुटला, वर गेला, आणि पेरं कापडावर वाजली.

ढब.

गुलाबच्या कपाळावर घाम फुटला. दार उघडायचा खटका सापडेना, मग सापडला, आणि तो फरशीवर उतरून खांबाला धरून उभा राहिला. "मळमळते मले," तो म्हणाला.

"बाबा," हर्षा म्हणाली, "गाडी तं उभी आहे."

अमरने दुसरीकडे पाहिलं. हर्षाचे डोळे भरून आले. "तुमाले माह्या गाडीत बसायचंच नाही काय? तसं सांगा ना मंग."

गुलाबला वाटलं, ही फरशी फाटावी आणि आपण थेट खाणीच्या तिसऱ्या लेव्हलला जावं. शेवटी बायजाबाई खुर्चीवरून उठली. "मळमळत नाही त्याइले," ती म्हणाली. "कदीच नाही मळमळलं. ते छत ठोकतेत. कारची छत पोकळ वाजते, आन् पोकळ छतीखाली त्याइले बसवत नाही. बस, एवढंच हाये."

आता पोरगी हसेल, असं गुलाबला वाटलं. हसली असती तर ते त्याने सोसलंही असतं. हर्षा हसली नाही. ती गाडीत जाऊन बसली, हात वर करून तिने छत ठोकलं आणि मान तिरपी करून ऐकलं. पेशंटच्या छातीवर बोटं ठोकून आतलं ओळखणारे डॉक्टर ती रोज पाहत होती. आवाजाने काय कळतं हे तिला शिकवावं लागत नव्हतं.

"खरंच पोकळ आहे," ती बाहेर येऊन म्हणाली. मग अमरला विचारलं, "वर कापड नाही अशी कोणती लेव्हल आहे?"

अमर आधी गोंधळला, मग त्याची ट्यूब पेटली. "काचेचं छत! आहे ना मॅडम. तिसऱ्या लेव्हलवर वेगळा पॅक घ्यावा लागतो. पण त्या पॅकमध्ये गिअरवालीच येते. बिनगिअरची आणि काचेचं छत, दोन्ही पाहिजे तर थेट सगळ्यात वरची."

सगळ्यात वरची हर्षाच्या आवाक्यात नव्हती, हे तिघांनाही माहीत होतं. "पोरी, काहून उगाच..." गुलाब बोलू लागला.

"तिसरी दाखवा," हर्षा म्हणाली.

ती गाडी मागच्या आवारात उघड्यावर उभी होती. गुलाब पुढच्या सीटवर बसला. डोक्यावर इथेही कापडच दिसत होतं. त्याने हात पुन्हा मांड्यांखाली दाबले. अमरने बाहेरूनच हात घालून कुठलंसं बटन दाबलं. बारीक घरघर झाली आणि डोक्यावरचं कापड मागे सरकू लागलं. सरकत सरकत पार मागच्या सीटपर्यंत गेलं.

वर आभाळ होतं.

गुलाबने मान मागे टाकली. निळंभोर, धुतलेलं आभाळ. एक घार अगदी सावकाश फिरत होती. शोरूमच्या कुंपणाबाहेरच्या कडुलिंबाची एक फांदी काचेच्या कडेवर हलत होती. त्याच्या आयुष्यात छत आलं की आभाळ जायचं. रोज सकाळी खाणीच्या लोखंडी पिंजऱ्यातून, दोरावरच्या लिफ्टमधून, खाली उतरताना तो वर बघून घ्यायचा, आणि आभाळ चिमटीएवढं होत होत मिटून जायचं. छतही आहे आणि आभाळही आहे, असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. असं काही असू शकतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याचं तोंड उघडंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

मग त्याचा हात वर गेला. हर्षाने श्वास रोखला.

टण्ण.

तो थांबला. जरा पुढे सरकून पुन्हा ठोकलं. टण्ण. मागे वळून, सीटवर अर्धवट उठून, हात लांबवून मागच्या कोपऱ्यातही ठोकलं आणि डोळे मिटून ऐकलं. खाणीत एका जागी ठोकून कोणी निघत नसतं. सगळीकडे काच धरून होती.

बाहेर बायजाबाई, हर्षा आणि अमर उभेच होते. कोणी त्यांना थांबायला सांगितलं नव्हतं, तरी आत पाऊल टाकायला कोणी धजावत नव्हतं. गुलाबने दाराबाहेर डोकं काढलं, छाती भरून घेतली आणि खाणीतल्या त्या हिंदीमिश्रित बोलीत, पार दुसऱ्या टोकाला पोचेल अशी हाक दिली.

"छत पक्कीऽऽ! या जी आतमंधी!"

आवारातले ड्रायव्हर वळून पाहू लागले. बायजाबाईच्या अंगावर काटा आला. कॉलनीतले गडी जन्मभर या हाकेवर आत गेले आणि संध्याकाळी आपापल्या घरी आले. त्यांच्या बायकांकडून तिने या हाकेबद्दल किती ऐकलं होतं. स्वतः कधी ऐकली नव्हती. आज ती हाक तिच्यासाठी आली होती. तिने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली.

एक चक्कर मारायला हर्षाने अमरकडून किल्ली घेतली आणि वळसा घालून ती स्टीअरिंगशी आली. बाप पुन्हा वर बघत बसला होता, घार शोधत. तिने त्याचा पट्टा ओढून लावला, डावा पाय क्लचवर दाबला आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.