गाडी मऊ चालावी म्हणून

"अहो मर्ल, बायकोला न्यायला आलात की गुरांना चारा घालायला?"

इस्पितळाच्या मागच्या दाराशी उभी असलेली परिचारिका डार्ला हे म्हणाली आणि मग स्वतःच्याच विनोदावर ओशाळली. दारात उभ्या असलेल्या पिकअपच्या हौद्यात गवताचा एक अवाढव्य गोल गठ्ठा बसला होता. गठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंनी पेंडीची पोती ठासून भरली होती. गाडीचं बूड चांगलं खाली दबलं होतं.

"चाऱ्यासाठी नाही गं," मर्ल म्हणाला. "वजन आहे ते."

डार्ला शेतावर वाढलेली मुलगी. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. मर्लची गाडी होती मोठी, डिझेलवर चालणारी, मागे गुरांचा भरलेला ट्रेलर ओढण्यासाठीच बांधलेली. अशा गाडीचे मागचे स्प्रिंगचे पाटे जाडजूड असतात. भार असला की ते वाकतात, आणि गाडी तळ्यातल्या होडीसारखी चालते. रिकामी चालवली, तर तीच गाडी आडमुठ्या घोड्यासारखी प्रत्येक खड्ड्यावर उसळते. उभा जन्म मर्लने लोकांची गुरं आणि घोडी याच तऱ्हेने वाहिली होती. थकलेल्या घोडीचे उतरताना पाय कापत असतील, तर चूक घोडीची नसते, चालवणाऱ्याची असते, असं तो म्हणे.

आज त्याला घोडी न्यायची नव्हती. आर्लिसला घरी न्यायचं होतं.

आजार तिच्या मणक्यात उतरला होता. आता करण्यासारखं काही उरलं नाही, हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. त्यांच्या मते तिला पश्चिमेकडच्या शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवावं. तिथवर गुळगुळीत डांबरी रस्ता आहे, तिला त्रास होणार नाही. घराकडचा रस्ता मात्र खडीचा. मोंटानाच्या त्या कोपऱ्यात डांबर पोचलंच नव्हतं. उन्हाळ्यात त्या खडीवर नालीदार पत्र्यासारख्या वळ्या पडत, आणि त्यावरून जाताना माणसाचे दात वाजत. येताना याच रस्त्याने तिला अँब्युलन्समधून आणलं होतं, तेव्हा ती ओरडली होती. आर्लिसला ओरडताना मर्लने त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर गेल्यावर तिने त्याचं मनगट धरलं होतं.

"मला तिकडे टाकू नकोस. घरी ने. शब्द दे."

"दिला," तो म्हणाला होता.

म्हणून हा गठ्ठा, ही पोती. चाकांतली हवासुद्धा त्याने थोडी कमी केली होती. मागच्या बाकावर गादी घालून, उशा लावून त्याने पाळण्यासारखी जागा केली होती. डार्ला आणि तिच्या दोन सोबतिणींनी आर्लिसला चादरीसकट अलगद उचलून तिथे ठेवलं. डार्लाने तिच्या जिभेखाली वेदना दबवणारे थेंब सोडले.

"येते हं डार्ला," आर्लिस म्हणाली. "तुमच्या इथली कॉफी मात्र भयंकर असते."

"माहीत आहे. म्हणून तर आम्ही चहा पितो."

गाडी निघाली. गाव संपलं, डांबर संपलं, चाकाखाली खडी आली. मर्लचे कान मागे लागले होते. पहिली वळ्यांची पट्टी आली. त्याने श्वास रोखला. गाडी नुसती हलकीशी डुलली आणि पुढे गेली. मागून हूं की चूं नाही. आरशात तिचा चेहरा शांत होता, डोळे छताकडे लागलेले. जमलं, असं त्याला वाटलं. कितीतरी आठवड्यांनी त्याच्या छातीतला दगड जरा हलला.

लिंडक्विस्टांच्या शेताजवळची मोरी गेली. जुन्या शाळेचं वळण गेलं.

"मर्ल, आपण कुठे आहोत?"

"शाळा मागे पडली आत्ताच."

तिने छताकडे बघत चाकांचा आवाज ऐकला.

"नाही पडली."

"अगं, पडली. आत्ताच."

"शाळेपाशी गाडी कशी उडते, मला माहीत नाही होय? उडाली नाही." तिचा आवाज बारीक झाला. "हा डांबरी रस्ता आहे. तू मला तिकडे नेतोयस."

"आर्लिस, देवाशपथ, घरीच चाललोय."

"देवाला कशाला मध्ये आणतोस? तू चर्चमध्ये झोपतोस."

एरवी या टोमण्यावर दोघंही हसली असती. पण आरशात तिची बोटं चादर चुरगाळताना दिसत होती. मान उचलून खिडकीबाहेर बघणं तिला शक्य नव्हतं. वर नुसतं छत आणि आभाळाची एक पट्टी. आभाळ काय, शहराकडेही असंच असतं. तो सांगत राहिला: हे बघ, डावीकडे कुंपण, उजवीकडे मोडकी पवनचक्की. ती ऐकत नव्हती. तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे ओघळत होतं.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली. एवढंच.

मर्लने गाडी कडेला घेतली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. इतकी वर्षं ती त्याच्या शेजारी बसून या रस्त्याने आली-गेली. प्रत्येक धक्क्याला शिव्या घातल्या तिने. हा रस्ता तिने डोळ्यांनी कमी आणि हाडांनीच जास्त ओळखला होता. आणि मर्लने मोठ्या मायेने तिच्या पाठीखालून तो रस्ताच काढून घेतला होता.

तो मागचं दार उघडून तिच्याजवळ वाकला.

"वजन घातलंय मी गाडीत. तुला लागू नये म्हणून. त्याने कळत नाहीये तुला."

"मग काढ ते."

"दुखेल गं."

"दुखणार ते माझं. काढ."

"आर्लिस..."

"तुला काय वाटतं, इथे पडून मला बरं वाटतंय? आपण कुठे चाललोय हेच कळत नाही मला, मर्ल."

त्याने तिची चादर सारखी केली. मग हौद्यात चढला. पेंडीची पोती एकेक करून त्याने रस्त्याकडेच्या गवतात ढकलली. म्हातारपणात पोतं पूर्वीपेक्षा जड होतं. गठ्ठा काही एकट्याला हलणारा नव्हता. त्याने मागची फळी पाडली, गठ्ठ्याला साखळी गुंडाळली, तिचं दुसरं टोक कुंपणाच्या कोपऱ्यावरच्या जाड खांबाला बांधलं, आणि गाडी गोगलगायीच्या चालीने पुढे घेतली. गठ्ठा हौद्यातून हळूहळू मागे सरकला, काठावर क्षणभर डगमगला आणि धप्पकन जमिनीवर बसला. गाडीचं बूड एकदम वर आलं. कुंपणापलीकडच्या लिंडक्विस्टांच्या गाई माना वर करून बघू लागल्या.

"गाईंची चंगळ झाली तुझ्यामुळे," तो म्हणाला.

"लिंडक्विस्ट आभारसुद्धा मानायचा नाही. निघ."

पुढची वळ्यांची पट्टी लांब नव्हती. मर्लने बैलगाडीच्या वेगाने चाक त्यावर घातलं, तरी गाडी खडखडली. मागून दातांतून निघालेला आवाज आला. त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"थांबू नकोस!" ती म्हणाली. धापा टाकत होती. मग म्हणाली, "ही जॉन्सनांची उतरण."

"हो."

"इथे तू मला लग्नाचं विचारलंस. मी म्हटलं, आधी गाडी थांबव, जीभ चावली जाईल."

"आणि मी थांबवली नाही."

"मूर्खच होतास." आरशात तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम होता. पण बोटांनी चादर सोडली होती.

असा तो प्रवास झाला. प्रत्येक धक्क्याला ती आधी कण्हायची आणि मग जागेचं नाव सांगायची. ओढ्यावरच्या लाकडी पुलाच्या फळ्या. गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यात आडवे टाकलेले लोखंडी नळ, त्यांची घरघर. तो 'हो' म्हणायचा. आणि पुढच्या धक्क्याआधी वेग आणखी कमी करायचा. त्यांच्या फाटकासमोरचा तुकडा सगळ्यांत वाईट होता. त्यावर ती कण्हली नाही की बोलली नाही. गाडी अंगणात थांबली, तेव्हा म्हणाली, "दिवाणखान्यात ठेव मला. खिडकीपाशी."

तिला तिथे थोडेच दिवस मिळाले. ते वाईट गेले नाहीत. सिअ‍ॅटलहून जोडी नावाची त्यांची मुलगी आली. तिने सूप केलं, आर्लिसने त्यात मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. आणि एका सकाळी, मर्ल तिच्या शेजारचं आपलं अंथरूण झटकायला वाकला असताना, ती गेली.

अंत्यविधीच्या दिवशी यंत्राच्या आवाजाने मर्ल बाहेर आला. तालुक्याचा रस्ते सपाट करणारा पिवळा ग्रेडर फाटकापाशी घरघरत उभा होता. वर गॉर्डी होता. त्या भागात कुणी गेलं की, दफनाआधी गॉर्डी त्या घराकडचा रस्ता कुणी न सांगता सारखा करून द्यायचा. शवपेटीची गाडी धक्के न खाता यावी, मागची माणसं नीट पोचावीत, म्हणून. त्याच्या बापानेही हेच केलं होतं.

मर्लने रस्त्याकडे पाहिलं. नजर पोचेल तिथवर खडी विंचरल्यासारखी सपाट पसरली होती. एकही वळी नव्हती.

गॉर्डी खाली उतरला आणि टोपी काढून हातात घेतली.

"पहाटेपासून लागलोय. आवाजाने झोप मोडली असेल तुझी."

"झोपलो नव्हतोच."

"एवढा फाटकासमोरचा तुकडा राहिलाय. हा फार हट्टी. खोल घ्यावं लागेल, मग वर्षभर बघायला नको." त्याने मर्लच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थोडा अडखळला. "का राहू देऊ? तू म्हणशील तसं."

मर्ल त्या तुकड्याकडे पाहत राहिला; याच दणक्यांनी आर्लिसला घर आल्याचं कळलं होतं. सकाळच्या तिरप्या उन्हात वळ्यांच्या सावल्या एकीमागे एक स्पष्ट दिसत होत्या. टेकडीवरच्या दफनभूमीकडे जायला दुसरा रस्ता नव्हता.

"करून टाक," तो म्हणाला. "आर्लिसची बहीण यायची आहे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, तिला दणके नकोत."

"बरं."

"चांगलं काम केलंयस, गॉर्डी. आर्लिस असती तर तिला सांगितलं असतं."

गॉर्डीने टोपी डोक्यावर घातली आणि वर चढला. रुंद पातं खाली आलं आणि खडीत रुतलं. मर्ल कडेच्या गवतात सरकून उभा राहिला. ग्रेडर जाईपर्यंत त्याने हॅट काढून छातीशी धरली, आणि उडालेली धूळ त्याच्या अंत्यविधीच्या काळ्या कोटावर बसत राहिली.