दादाच्या कळसूत्री बाहुल्या

दादा गेल्यानंतर वहिनी माहेरी राहायला निघाली, तेव्हा त्याची खोली आवरायला आम्ही तिघी बसलो, आई, वहिनी आणि मी. दादा वायरमन होता, पण कामावरून आला की पटाशी घेऊन लाकडाच्या कळसूत्री बाहुल्या कोरत बसायचा. अगदी लहानपणापासूनच्या साऱ्या बाहुल्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या होत्या.

आईने दादाने लहानपणी कोरलेला पहिला, वेडावाकडा शिपाई खाली काढला. "नाक बघ, बटाटा चिकटवल्यासारखं."

वहिनीला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. तिच्या हातात शेवटची बाहुली होती, एक म्हातारी. तोंडाभोवतीच्या बारीक सुरकुत्यासुद्धा दादाने कोरल्या होत्या.

"हिचे हात कुठायत?" आईने विचारलं.

"करायचे राहिले, आई. म्हणाला, आईचे हात नीट बघून घेतो, मग करतो."

आईने शिपाई वहिनीच्या बॅगेत ठेवला. "हा तू ने. लहानपणीचा तो तुला कुठे भेटला होता?"

वहिनीने म्हातारी आईच्या मांडीवर ठेवली.

"अधूनमधून येत जा," आई म्हणाली. वहिनीने मान हलवली, पण आता तिचं येणं होणार नाही, हे आम्हा तिघींनाही कळत होतं.