अर्धी पिवळी रेघ

हो, मीच बोलतेय. रहाटणीतल्या या सोसायटीत, जिन्याशेजारच्या पार्किंगमध्ये चारही चाकं काढून स्टँडवर चढवलेली लाल गाडी. दोन दारं, दोनच सीटा, डोक्यावर कापडी छप्पर. आज पंधरा दिवस झाले, तरी माझ्या अंगातला थरकाप गेलेला नाही. धक्के मला नवे नाहीत, आपल्याकडचे रस्ते तुम्हाला ठाऊक आहेतच. पण हा धक्का खड्ड्याचा नव्हता. तो एका शब्दाचा होता.

माझा जन्म बावीस वर्षांपूर्वीचा. ज्या छोट्या कारखान्यात मला घडवलं तो केव्हाच बंद पडला, त्यामुळे माहेर म्हणून दाखवायला मला काही उरलेलं नाही. पहिले मालक निगडीचे दाताचे डॉक्टर. त्यांनी हौसेनं घेतली, दोन वर्षं मिरवली आणि मग त्यांना जुळ्या मुली झाल्या. दोन सीटांत चौघं बसणार कशी? माझी रवानगी तळवड्याच्या एका गोदामामागं झाली. तिथं नऊ वर्षं पडून होते. माझ्या सीटवर एक मांजर तीन वेळा व्याली, तेवढाच काय तो माझा उपयोग.

तिथं मला सयाजीनं पाहिलं. सयाजी मूळचा बीडकडचा. चाकणच्या एका मोटार कारखान्यात तो बावीस वर्षं असेंब्ली लाइनवर आहे. रोज शेकडो गाड्या त्याच्या हाताखालून जातात आणि पुन्हा एकही दिसत नाही. मला वाटतं, म्हणूनच त्यानं मला आणलं. एक तरी गाडी रोज सकाळी जागेवर दिसावी, असं त्याला वाटत असावं.

त्याच्या लाइनवर एक रीत आहे. बोल्ट ठरल्याइतका आवळला की पाना ‘कट्’ असा वाजतो. मग आवळणाऱ्यानं पिवळ्या मार्करनं एक रेघ मारायची, अर्धी बोल्टच्या डोक्यावर आणि अर्धी खालच्या लोखंडावर. बोल्ट सैल होऊन फिरला, तर रेघ तुटलेली दिसते. नव्या पोरांना सयाजी पहिल्या दिवशी बजावतो, “ज्यानं आवळलं त्यानंच रेघ मारायची. अन् ‘झालं’ असं तोंडानं सांगायचं न्हाई.” हे वाक्य त्यानं माझ्यासमोरसुद्धा इतक्यांदा म्हटलंय की मला पाठ आहे.

मग तो घरच्या घरी माझ्यामागं लागला. आठवडाभर कारखाना आणि रविवारी मी. त्यानं माझं वायरिंग नव्यानं ओढलं, रेडिएटर बदलला, गंजलेला पत्रा कापून नवा बसवला. वरच्या मजल्यावरचे मारुतराव, रिटायर्ड मास्तर, जाता-येता विचारायचे, “सयाजीराव, ही चालणार कधी, की नुसतीच आंघोळ घालायची?” सयाजी नुसता हसायचा. मला मात्र राग यायचा.

त्याची बायको कस्तुरा पहिलं वर्षभर मला ‘ते लाल खटारं’ म्हणायची. एकदा ती चहा द्यायला खाली आली, तेव्हा सयाजीचा जाडजूड हात माझ्या इंजिनामागं अडकला होता. तिनं बांगड्या मागं सारल्या, हात घातला आणि पडलेला नट काढून दिला. त्या दिवसापासून ती रोजची झाली. तो आवळायचा, ती शेजारी पाटावर बसून पिवळी रेघ मारायची. नियम मोडला होता. पण दोघं गप्पा मारत काम करायची आणि मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

पुढं कस्तुरा सेहेचाळिसाव्या वर्षी गाडी चालवायला शिकली. लायसन आल्यावर ते तिनं आधी मला दाखवलं, काचेला लावून. सयाजी म्हणाला, “जुने ब्रेक हायत. नवे, मोठे बसवतो. मग पहिली फेरी तुझी.” राजगुरुनगरला तिची बहीण राहते. तिच्या दारात स्वतः गाडी नेऊन उभी करायची, एवढंच तिचं स्वप्न होतं. तिच्या जिवाला जपायचं म्हणून त्यानं ते ब्रेक आणले, हे लक्षात ठेवा.

त्या रविवारी पुढची दोन्ही चाकं काढली होती. चाकामागच्या चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा लोखंडी जबडा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. तो दोन बोल्टांवर बसतो. उजवीकडचे दोन झाले. डावीकडचा वरचा आवळला, पाना कट् वाजला, कस्तुरानं रेघ मारली. खालचा बोल्ट सयाजीनं बोटांनी फिरवून नुसता बसवला आणि पान्याकडं हात नेला. तेवढ्यात त्याच्या कानातल्या इयरफोनमध्ये फोन वाजला.

दुपारचा एक वाजला होता. रविवारी एकला गावाहून त्याच्या आईचा फोन येतो आणि आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जेवण झालं का? वर गॅसवर भाजी अजून शिजत होती. पण म्हातारीच्या जिवाला घोर नको म्हणून, माझ्या पोटाखाली आडव्या पडलेल्या सयाजीनं नेहमीसारखं सांगून टाकलं, “झालं.”

सोसायटीची पाण्याची मोटर घरघरत होती. पाना वाजला की नाही हे कस्तुराला कळणं शक्यच नव्हतं. इयरफोनही तिला दिसला नाही. तिला फक्त ‘झालं’ ऐकू आलं. तिनं हात घातला आणि सैल बोल्टवर सुंदर, सरळ पिवळी रेघ मारली.

सयाजी बोलत बोलत गेटपर्यंत गेला. दहा मिनिटांनी परत आला, वाकून रेघा मोजल्या. चार बोल्ट, चार रेघा. त्यानं चाकं चढवली. मी ओरडायला हवं होतं, पण बंद गाडीला आवाज कुठून येणार!

पुढच्या रविवारी बाराच्या सुमाराला आम्ही निघालो. कस्तुरा नव्या साडीत माझ्या स्टिअरिंगवर, सयाजी शेजारी. पहिल्याच स्पीडब्रेकरवर मी बोलले, टक्. दुसऱ्यावर पुन्हा टक्. मला जेवढं बोलता येतं तेवढं मी बोलत होते.

“अहो, काहीतरी वाजतंय,” कस्तुरा म्हणाली.

पेट्रोल पंपावर सयाजी खाली उतरला. मोबाइलचा उजेड पाडून डाव्या चाकाच्या फटीतून आत पाहिलं. माझा जीव भांड्यात पडला. आता त्याला दिसणार! रेघ तुटली होती, बोल्टवरची अर्धी एकीकडं आणि लोखंडावरची अर्धी दुसरीकडं. बावीस वर्षं त्यानं हेच तर पाहिलं होतं.

“पिवळं दिसतंय,” तो उठत म्हणाला. “ब्रेक टाइट हाय. दुसरं काहीतरी असेल, घरी गेल्यावर बघू. चल तू.”

मी सुन्न झाले. त्यानं रंग पाहिला, रेघ पाहिलीच नाही. बायकोच्या हातची होती म्हणून पाहिली नाही, की स्वतःच्या हुशारीवर भिस्त होती म्हणून, ते मला आजही कळलेलं नाही.

चाकणच्या अलीकडं पुढं एक लांबलचक ट्रेलर चालला होता, कोऱ्या गाड्या लादलेला. त्यानं ब्रेक मारला, कस्तुरानंही मारला. माझ्या आत काहीतरी गळून पडलं. कॅलिपर फिरला, चाकात अडकला आणि डावं चाक जागच्या जागी आवळलं गेलं. मी डावीकडं फेकली गेले, डांबर सोडून खडीवर. समोर वडापावची टपरी होती. चहाचे ग्लास हातात धरलेली सहा-सात माणसं होती, उकळत्या तेलाची कढई होती.

कस्तुरानं स्टिअरिंग सोडलं नाही. दोन्ही हातांनी उजवीकडं ओढून धरलं. मी थांबले तेव्हा कढई आणि माझं नाक यांच्यात हातभर अंतर होतं. कुणी हललं नाही. एका माणसाच्या ग्लासातला चहा त्याच्या बुटावर सांडत होता आणि त्याला त्याची शुद्ध नव्हती.

सयाजी पहिलं वाक्य बोलला ते हे. “ब्रेक असा मारतेत का?”

त्याच्या तोंडून हे ऐकून मला जास्त धक्का बसला. मग तो चाकाशी गुडघ्यावर बसला. खालचा बोल्ट गायब, वरचा वाकलेला. भोकाच्या कडेला अर्धी पिवळी रेघ. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“हा आवळलाच न्हवता. तू रेघ मारलीस कशी?”

“तुमी झालं म्हणलात की.” कस्तुरा माझं दार उघडून खाली उतरली. “मी सोता ऐकलं.”

“मी कशाला म्हणीन? मी पाना लावलाच न्हाई.”

“म्हणलात.”

तो काही बोलणार, एवढ्यात फोन वाजला. एक वाजला होता. सवयीनं त्यानं उचलला. इयरफोन नव्हता, त्यामुळं टपरीवरच्या सगळ्यांना म्हातारीचा आवाज ऐकू आला.

“जेवण झालं का रं, बाबा?”

सयाजीनं तोंड उघडलं. तो शब्द ओठावर आला होता, मला दिसत होता. तो कस्तुराकडं बघत राहिला, कस्तुरा त्याच्याकडं. दोघांना एकदमच कळलं. त्याचे डोळे भरून आले.

“न्हाई आई,” तो म्हणाला. “अजून न्हाई झालं.”

पलीकडं म्हातारी घाबरली. “का रं? भांडलास का कस्तुराशी?”

“व्हय. माझीच चूक होती.”

मला टेम्पोवर घालून इथं आणलं. दुसऱ्या दिवशी शिफ्टवर सयाजीनं नव्या पोरांना सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. हे तो कस्तुराला सांगत होता, म्हणून मला कळलं. आता रविवारी तो चिंधी थिनरमध्ये बुडवून माझ्या अंगावरच्या जुन्या रेघा एकेक पुसतो. पाना कस्तुराच्या हातात असतो. ती आवळते, कट् वाजतं, आणि रेघही तीच मारते. ‘झालं’ हा शब्द दोघंही काढत नाहीत. एकला फोन आला की तो खरं काय ते सांगतो, आणि आई त्याला रागावते.

राजगुरुनगरला जायचंय अजून. स्टिअरिंग कस्तुराच धरणार, असं सयाजीनं मारुतरावांसमोर सांगितलंय.

तो बोल्ट मात्र सापडला नाही. चाकणच्या अलीकडं खडीत कुठंतरी पडला असेल. त्या रस्त्यानं जाताना डोक्यावर अर्धी पिवळी रेघ असलेला बोल्ट दिसला, तर रस्त्यातून उचलून बाजूला ठेवा, कुणाच्या चाकाखाली येऊ देऊ नका. उरलेली अर्धी रेघ माझ्याकडं आहे. तेवढी एक सयाजीनं अजून पुसलेली नाही.