भिंतीतला गव्हांडा

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. तालुक्यात चारा मुबलक आहे, गुरांच्या छावणीची गरज नाही, असं गार खोलीत बसून लिहिलं आणि खाली सही ठोकली. त्याच मे महिन्यात खुशालराव हातात सब्बल घेऊन बायकोच्या खाटेजवळ उभे होते. भिंत फोडायला.

धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधण्यात खुशालरावांचा जन्म गेला. घर बापाच्या वेळचं, एकेरी विटांचं, वर टिन. भिंत आणि टिन यांच्यामधल्या फटीतून हिवाळ्यात गारठा यायचा, उन्हाळ्यात झळ. दोन्ही सरळ पार्वताबाईच्या खाटेवर. तिचं अर्धं अंग लकव्याने गेलेलं. मागच्या उन्हाळ्यात ती बेशुद्ध पडली, तेव्हा डॉक्टरने बजावलं होतं, या खोलीत पुन्हा असा उन्हाळा काढू नका. पण दुसरी खोली होती कुठे?

गहू निघाल्यावर शेतात उरलेला गव्हांडा, गव्हाचं वाळलेलं काड, लोक दरसाल पेटवून देतात. खुशालराव बांधावर जाऊन उभे राहिले.

"पेटवू नका, मले द्या."

"ढोर ना वासरू! सोता खाता काय, खुशालराव?"

"घराले स्वेटर घालतो."

त्यांनी लाकडी पेटीत गव्हांडा पायाने तुडवला, दाबला, सुतळीने गठ्ठे आवळले. हाताच्या सवयीने वरून पाणीही शिंपडलं. रुई दाबताना शिंपडतात तसं. झालं, गठ्ठे आतून तापले, खोलीभर कुबट वास सुटला. सगळं उसवून उन्हात घालावं लागलं.

"मालकाच्या गाठी नीट बांधल्या," पार्वताबाई खाटेवरून म्हणाली, "घरच्याच सडवल्या!"

पुन्हा बांधले. पश्चिमेच्या भिंतीला आतून गठ्ठ्यांची थप्पी, टिनाखालच्या फटीतही गव्हांडा, वर बांबूच्या कमच्या आणि माती-शेणाचं लिंपण. एप्रिलच्या भर दुपारी पार्वताबाईला झोप लागली. खुशालराव तिचं घोरणं ऐकत बसले.

मग चारा संपला. सोयाबीन काढणीच्या पावसात सडलेलं, त्यामुळे त्याचं कुटार, म्हणजे भुसा, नव्हतंच; गव्हांडा लोकांनी शेतातच जाळलेला. शेजारच्या मनकर्णाबाईची गाभण गाय बसली ती उठेना. रोज सकाळी मनकर्णाबाई पार्वताबाईचं अंग पुसायला यायची. भिंतीकडे एकदा बघायची आणि मान खाली घालायची. मागितलं मात्र नाही.

"गाय हंबरून राहिली ना?" पार्वताबाईने विचारलं.

"तू झोप."

"मी लुली झाली, बहिरी नाई. भिंत फोडा."

"येडी झाली काय? डाक्टर काय म्हनला, आठवते ना?"

"आठवते. पन मले आता झोप येत नाई. अवो, पोळ्याले बैलाच्या आंधी आपन घास घेत नाई, अन् ढोराच्या तोंडचं भिंतीत कोंबून मी गार झोपू?"

"थे ढोर आपलं नाई."

"उपाशी ढोर कोनाचं असते?"

खुशालराव बाहेर गेले. सब्बल घेऊन आत आले. लिंपणाचे पोपडे जमिनीवर पडले. पहिला गठ्ठा झाडून त्यांनी मनकर्णाबाईच्या दारात नेला, तसा तिने पदर तोंडाशी धरला.

"नका भाऊ. मायी वैनी मरन!"

"तुया वैनीचाच हुकूम हाय. धर."

एकेक गठ्ठा करत सगळी भिंत रिकामी झाली. गाय उठली. वासरूही झालं.

आता ती भिंत दुपारी हात लावू देत नाही. कूलर आहे, पण त्या वेळेला वीज नसते. ऊन पश्चिमेला कललं की खुशालराव दुपट्टा भिजवतात, पाठीवर घेतात आणि खाट व भिंत यांच्यामध्ये, जमिनीवर, भिंतीला पाठ लावून बसतात.

"सरका ना जी, पाठ भाजन तुमची."

"डोळे मीट तू."

ती डोळे मिटते. ते दुपट्टा पुन्हा भिजवतात.

साहेब, ही दोघं तुम्हाला काही विचारणार नाहीत. मी विचारतो. एक दुपार या, आणि त्या माणसाला उठवून त्याच्या जागी बसा. बसता का? उत्तर द्या.