स्पॅनिश शिकलेली काठवट

मी कोंडाबाईची काठवट बोलतेय. मादन हिप्परग्याच्या सुताराने बाभळीच्या खोडातून मला कोरलं. एके काळी माझ्यात भरल्या घराच्या भाकरी थापल्या जात. आता एकटीपुरत्या. बाकीचा दिवस मी भिंतीला टेकून असते आणि खरं सांगू, मला करमत नाही.

बाईचा लेक अमरदीप स्पेनमध्ये हॉटेलात स्वयंपाकी आहे. बायकोही तिथलीच. नात आल्मा अजून लहान; तिला आपल्या बोलीतलं ओ की ठो कळत नाही. मरायच्या आधी नातीशी चार शब्द बोलायचेच, असं बाईने मनावर घेतलं.

पहिला शब्द कोंबडीचा, कारण अंगणात कोंबडी होती. फोनपुढे तिला धरून बाई ओरडली, ‘गायिनाऽऽ’. आजी रागावली असं वाटून पोर बापाच्या मागे लपली.

“आई, शेवटाला कामून ताणायलीस? बांधावरून हाक मारायलीस का?” अमरदीप म्हणाला. आमच्याकडे हाक अशीच मारतात, सगळा जोर शेपटाला. मग त्याने समजावलं, तिकडच्या शब्दाचे आधी तुकडे पाडायचे आणि एकाच तुकड्यावर भार द्यायचा. बहुतेक वेळा तो शेवटून दुसरा असतो.

बाईने ते भाकरी थापताना माझ्यावर गिरवलं. गा, हलका हात. यी, जड हात. ना, पुन्हा हलका. पाखराला तिकडे ‘पाखारो’ म्हणतात, त्याचा भार मात्र पहिल्यावर. तो शिकताना भाकरीला भोकच पडलं. तीही बाईने कौतुकाने खाल्ली.

पुढच्या फोनवर तिने हळूच म्हटलं, ‘गायीना.’ आल्माने टाळ्या पिटल्या आणि भरभर काहीतरी विचारलं.

“तू कवा येणार म्हणायलीय,” अमरदीपने सांगितलं.

बाईचे गुडघे गेलेत. आळंदच्या बसची पायरीसुद्धा तिला चढवत नाही.

“येते, हे कसं म्हणायचं रे?”

“बोई. त्याचे तुकडे पडत न्हाईत, आई. एकच जड हात.”

बाई म्हणाली, ‘बोई.’ फोन तिथेच टाकून पोर दाराकडे पळाली, आजी आली का बघायला.

तेव्हापासून बाई नवा शब्द घेत नाही. गुमान भाकरी करते, पीठ झटकते, मला भिंतीला लावते. मला चीर गेली आहे, मी आता फार दिवसांची नाही. माझं एवढंच मागणं आहे, कुणीतरी त्या पोरीला दारातून आत बोलवा.