आडवा दगड

भिंगरीने वहिनीच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि तिचा हात पोचणार नाही अशा उंच फळीवर ठेवली.

"पुरे आता. त्या दगडाने तुझं काय घोडं मारलंय?"

वहिनीने कपाळावरची धूळ मनगटाने पुसली. ती आणखीच पसरली. इस्पितळाच्या अंगणासाठी तिला शिल्प करायचं होतं. "वर झेपावणारं काहीतरी करा, बघून माणसाला उभारी यायला हवी," असं समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं. त्याप्रमाणे तिने मातीचे नमुने केले. पंख झाले, ज्योत झाली, हात उंचावलेली बाईही झाली. सगळेच खोटे वाटले, म्हणून तिनेच ते मोडून मातीच्या पिंपात टाकले. भला थोरला दगड शेडमध्ये तसाच पडून होता आणि ती नुसत्या त्याच्या कडा टोचत बसली होती.

"टेकडीवर जाऊ," भिंगरी म्हणाली.

"मला वेळ नाही गं."

"वेळ आहे. सुचत नाहीये. बूट घाल."

भिंगरी तिची धाकटी नणंद. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून लहानपणी पडलेलं नाव केस पिकले तरी तिला चिकटून होतं. टेकडी चढतानाही तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. माथ्यावरच्या उघड्या कातळावर पाऊल ठेवलं आणि तिचं वाक्य अर्ध्यावर तुटलं.

वारा आला. बघता बघता असा आला, की वहिनीचे पाय जमिनीवरून सरकायला लागले. कडा फार लांब नव्हता.

"खाली! आडवी हो!" भिंगरी ओरडली.

दोघी पोटावर पडल्या. भिंगरीने वहिनीचं मनगट घट्ट धरलं. वहिनीची पाचावर धारण बसली होती. डोळे मिटून, गाल कातळाला लावून ती पडून राहिली. पाठीवरून वारा सोसाट्याने जात होता, गार, कपडे ओढणारा. आणि गालाखाली दगड मात्र ऊबदार होता. दिवसभराचं ऊन त्याने आत धरून ठेवलं होतं. हळूहळू तिच्या जबड्यातला ताण सुटला, मग खांद्यातला. इतकी वर्षं ती दगडावर घाव घालत आली होती. त्याच्यावर अंग टाकायचं तिला कधी सुचलंच नव्हतं.

वारा पडल्यावरही दोघी उठल्या नाहीत.

"वहिनी, मेलीस का?"

"नाही गं. बोलू नको जरा."

आणि भिंगरी खरंच गप्प बसली.

दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये हातोडा दणादण चालू लागला. भिंगरी डबा घेऊन यायची, बघायची आणि काही न विचारता निघून जायची. वहिनी दगड घासत होती. मध्येच बूट काढून दगडावर पडायची, गाल कुठे टेकतो ते हाताने चाचपायची, आणि उठून पुन्हा घासायची.

शिल्प अंगणात बसवलं त्या दुपारी अध्यक्ष त्याच्याभोवती फिरले. गुडघ्याएवढा उंच, लांबरुंद दगड. त्यावर शेजारी शेजारी दोन उथळ खळगे.

"बाई, आम्ही उभारी म्हटलं होतं. हे तर झोपलंय."

"हो," वहिनी म्हणाली. पाहुणे कुजबुजू लागले. माइकवाला कार्यक्रम सुरू करायची वाट बघत होता.

तेवढ्यात आतल्या दारातून एक माणूस बाहेर आला. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. इथे काही समारंभ आहे हे त्याच्या लक्षातही आलं नसावं. त्याने दगडावर हात ठेवला, थांबला, पुन्हा ठेवला. मग चपला काढून तो सरळ आडवा झाला. गाल बरोबर खळग्यात बसला.

पहारेकरी पुढे झाला. "अहो, उठा. त्यावर झोपायचं नसतं."

"राहू दे त्याला," अध्यक्ष म्हणाले.

भिंगरी दुसऱ्या खळग्याकडे निघाली होती. वहिनीने तिचा दंड धरला. दारात एक बाई कुणाला तरी शोधत उभी होती. तिला तो दिसला. ती आली, चपला त्याच्या चपलांशेजारी काढल्या, आणि त्याच्या बाजूला पडली.

अध्यक्षांनी भाषणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला आणि वाकून माइकची वायर काढली.