कोरडी भिंत

ताईने आपली रायफल घरी आणायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या घरात कोरडी भिंत एकच होती, आणि ती धाकटीच्या खोलीत होती.

दोघी बहिणी वडिलांनी मागे ठेवलेल्या चार खोल्यांच्या घरात राहत. ताई अठ्ठावन्न वर्षांची, धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. लग्न दोघींनीही केलं नव्हतं. मला वेळ झाला नाही आणि हिला कुणी विचारलं नाही, असं ताईच आल्यागेल्याला हसत सांगायची. ताईने तीस वर्षं नेमबाजी शिकवली. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली मोठमोठ्या स्पर्धा मारून आल्या होत्या. नाकावर माशी बसू द्यायची नाही असा स्वभाव, पण हात असा की बंदूक धरली की पुतळा उभा आहे असं वाटावं. धाकटी घरी बसून पुस्तकं बांधायची. लायब्ररीतली फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची जुनी रजिस्टरं, कुणाच्या आजोबांच्या वह्या. ती लहानपणी सतत ताईच्या मागे मागे असायची, म्हणून ताईने तिचं नाव शेपूट ठेवलं होतं. बावन्न वर्षांची झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं.

रायफल इतकी वर्षं क्लबच्या तिजोरीत असायची. मग क्लबमध्ये नवा सेक्रेटरी आला, ताईचं आणि त्याचं वाजलं, आणि ताईने सगळ्यांदेखत रायफल मागून घेतली. परवान्याच्या साहेबांनी बजावून सांगितलं, "गोळ्या क्लबातच राहतील. रायफल घरी न्यायची तर लोखंडी कपाट हवं, भिंतीला बोल्टने आवळलेलं. मी येऊन बघेन, मगच सही."

कपाट घ्यायला दोघी गेल्या. म्हणजे ताई गेली, आणि पिशवी धरायला धाकटी. दुकानदाराने चार कपाटं उघडून दाखवली. ताईने पत्र्यावर बोटाची पेरं आपटून बघितली, टेपने आतली उंची मोजली, बिजागऱ्या आतून आहेत की बाहेरून ते पाहिलं.

"हे बाहेरच्या बिजागरीचं नको. पहारीने दोन मिनिटांत उघडेल."

"बरोबर बोललात मॅडम," दुकानदार खूश झाला. "मग हे घ्या. नंबरचं कुलूप, आतून फोम. फक्त भिंत भक्कम आणि कोरडी बघा. ओल लागली की लोखंड गेलंच समजा." मग त्याने धाकटीकडे पाहिलं. "आणि ह्या?"

"ही? हे माझं शेपूट. कापलं तरी वळवळत मागे येतं."

दुकानदार पोट धरून हसला. धाकटीनेही सवयीने थोडं हसून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री ड्रिल घेऊन आला. बाहेरच्या खोलीची भिंत त्याने ठोकून पाहिली आणि मान हलवली. "बाई, ही अर्ध्या विटेची आहे. कुणी कपाट ओढलं तर भिंतीसकट हातात येईल." ताईच्या खोलीत तर भिंतीचे पापुद्रेच सुटले होते; हात लावला की ओलसर चुना बोटांना लागायचा. मग तो धाकटीच्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "ही बघा! ही भिंत म्हणजे भिंत."

त्या भिंतीला लागून धाकटीचा पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस होता, वर पुठ्ठ्यांची आणि कागदांची फळी होती.

"ताई, तिथे माझा प्रेस आहे."

"दिसतोय मला. मागच्या पडवीत ठेव."

"पडवीत ओल असते गं. कागद टिकणार नाही."

"आणि रायफल टिकेल, असं म्हणायचंय तुला?"

"तसं नाही, पण..."

"मग झालं तर! कागद फाटला तर तू चिकटवतेस. रायफल चिकटवणार आहेस का?"

मिस्त्रीला हसू आवरलं नाही. त्याने फळी काढली, प्रेस पडवीत ओढत नेला, तेव्हा फरशीवर लांबच लांब पांढरा ओरखडा उमटला. मग भिंतीला चार भोकं पाडून कपाट आवळलं. साहेब आले, त्यांनी कपाट दोन्ही हातांनी हलवून पाहिलं आणि सही करून गेले. धाकटीच्या पलंगापासून कपाट दोन हातांवर होतं. जागा पुरेना म्हणून पलंग दाराकडे सरकवावा लागला, आणि दार त्यानंतर अर्धंच उघडायचं.

पडवीत व्हायचं तेच झालं. खळ वाळेना, पुठ्ठे वाकायला लागले, शिवलेल्या पानांवर तपकिरी ठिपके उठले. धाकटीने कागद स्वयंपाकघरात आणले, चादरीत गुंडाळले, विस्तवाजवळ शेकले. दोन महिन्यांनी लायब्ररीच्या बाई सात पुस्तकं घेऊन दारात आल्या.

"हे तुमच्या हातचं वाटत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. पण पुढचा गठ्ठा त्यांनी आणला नव्हता.

धाकटीने जेवताना ते ताईच्या कानावर घातलं. ताई घास संपवून पाणी प्यायली.

"बरंच झालं. दिवसभर घरात खळीचा वास. लोक आले की मलाच लाज वाटायची."

धाकटीने ताटं उचलली. तिला रडू आलं नाही. रडायचं ते तिने पडवीत रडून घेतलं होतं.

कपाट आल्यापासून ताईची रोज सकाळची एक रीत झाली होती. उजाडलं की दार न वाजवता आत यायचं, "तिकडे तोंड कर," म्हणायचं, नंबर दाबायचा, रायफल काढायची. समोरच्या भिंतीवर काळा ठिपका काढला होता. रिकामी रायफल खांद्याला लावून ताई त्या ठिपक्यावर नेम धरून उभी राही, आणि धाकटीने पलंगावर बसून नळीच्या टोकाकडे बघायचं. हे काम, आधी क्लबात आणि आता घरी, धाकटीकडे ती दहा वर्षांची असल्यापासून होतं, कारण केसाएवढा फरक तिच्या नजरेतून सुटायचा नाही. ताईचा त्या नजरेशिवाय कशावरच विश्वास बसत नसे. तीन महिन्यांवर पन्नाशीपुढच्यांची स्पर्धा होती, आणि क्लबच्या नव्या सेक्रेटरीच्या नाकावर टिच्चून ती जिंकायचीच, असं ताईने मनाशी बांधलं होतं.

"हलली का?" ताईने विचारलं.

चाळीस वर्षं धाकटी या प्रश्नाला "नाही" म्हणत आली होती, कारण नळी हलत नसे. आताही हलली नव्हती.

"हो," धाकटी म्हणाली. "किंचित."

आपण असं का म्हणालो, तेच तिला कळलं नाही. ताईने रायफल खाली घेतली.

"कुठे?"

"डावीकडे. श्वास सोडलास ना, तेव्हा."

ताई पुन्हा उभी राहिली. या वेळी धाकटी "नाही" म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळीही "नाही". चौथ्या वेळी मात्र परत "हो". रोज "हो" म्हटलं तर संशय येईल, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

पंधरा दिवसांत ताईने चहा सोडला. मग बूट बदलले, पट्टा बदलला, उभं राहायची पद्धत बदलली. डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, तुमचे हात माझ्या हातांपेक्षा बरे आहेत. घरी येऊन ताई म्हणाली, "त्याला काय कळतंय! त्याने माझी नळी बघितलीय का कधी?"

जुनी शिष्या एकदा भेटायला आली. ताईने तिच्यासमोर नेम धरून दाखवला. पोरगी डोळे विस्फारून म्हणाली, "मॅडम, दगड आहे तुमचा हात, दगड!" ती गेल्यावर ताई धाकटीच्या मागे स्वयंपाकघरात आली.

"खरंच तसं होतं का गं?"

"तिला तुझा मान ठेवायचा असतो, ताई," धाकटी भांडी आवरत म्हणाली. "ती तोंडावर कशी सांगेल?"

त्यानंतर एके सकाळी दारावर टकटक झाली. घरात दोघीच, तेव्हा धाकटीला आधी कळेचना, कोण आलं. ताई बाहेर उभी होती. "येऊ का?" तिने विचारलं. धाकटी उठून बसली. तिला वाटलं, आता पुरे. आणि लगेच वाटलं, अजून थोडं. त्या दिवशी तिने तीनदा "हो" म्हटलं.

स्पर्धेला धाकटीही गेली, मागच्या बाकावर बसली. ताईचे पहिले दहा बार असे लागले की शेजारच्या बायका आपली बंदूक ठेवून बघायला लागल्या. सेक्रेटरीही येऊन उभा राहिला. अकराव्या बाराला ताईने नेम धरला, आणि धरता धरता मान वळवून मागे पाहिलं. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. भर गर्दीत तिचे डोळे धाकटीला शोधत होते.

धाकटीने पंजा उचलला आणि जरासा डावीकडे कलता केला.

ताईने रायफल खाली घेतली. पुन्हा वर केली, पुन्हा खाली. मागे कुणीतरी कुजबुजलं, कुणीतरी हसलं. घड्याळ चालत होतं. वेळ संपल्याची शिट्टी झाली, तेव्हा तिचे पन्नास बार तसेच शिल्लक होते.

येताना दोघी बसथांब्यावर उभ्या होत्या. ताईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तू तेवढी खरं बोललीस," ती म्हणाली. "बाकीच्यांनी चढवून मला चारचौघांत हसं करून घ्यायला पाठवलं. माझं माणूस तू एकटीच निघालीस, शेपटे."

धाकटीच्या ओठांवर सगळं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. तिने तोंड उघडलं.

"बस आली, ताई," ती म्हणाली.

आठवड्याभरात ताईने रायफल त्या शिष्येला देऊन टाकली आणि परवाना परत केला. कपाट काढायला मिस्त्री तयार होता. ताई म्हणाली, राहू दे, भिंतीला भोकं दिसतील. नंबर तिने कागदावर लिहून धाकटीच्या हातात दिला. धाकटीने त्यात कोरे कागद रचले. लायब्ररीचं काम परत आलं नाही, पण शाळेच्या वह्यांचं थोडंफार मिळालं, आणि प्रेसही खोलीत आला.

ताई आता कुठे जात नाही. दुपारी धाकटी पानं शिवते, तेव्हा ताई समोर बसून दोऱ्याचं दुसरं टोक ताणून धरते. तास तास धरते. दोरा तारेसारखा ताठ असतो, त्याला साधा कंपसुद्धा नसतो.

"हलतोय गं हात, ताई," धाकटी सुईवरची नजर न काढता म्हणते.

"हो का?" म्हणत ताई दुसऱ्या हाताने आपलं मनगट घट्ट धरते.